क्यूआर कोड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी क्यूआर कोड तयार केला. आज तो भाजीच्या गाडीवरही लटकलेला दिसतो. रोजच्या वापरातल्या या चौकोनाबद्दल गैरसमज मात्र बरेच आहेत.

गैरसमज : कोडमध्ये दुकानदाराचे खाते असते.
वस्तुस्थिती : कोडमध्ये असतो फक्त मजकूर. गल्ल्यावर चिकटवलेल्या यूपीआय कोडमध्ये सहसा दुकानदाराचा यूपीआय आयडी आणि नाव असते. रक्कम आपण टाकतो. बिलागणिक मशीनच्या स्क्रीनवर उमटणाऱ्या कोडमध्ये रक्कमही भरलेली असते.

गैरसमज : कोड फाटला किंवा मळला की निकामी.
वस्तुस्थिती : मूळ मजकुरासोबत रीड-सॉलोमन पद्धतीने जादा माहिती भरलेली असते. निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी मजकूर जुळवता येतो. मधोमध लोगो छापता येतो तो त्यामुळेच. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन मात्र शाबूत हवेत. त्यांच्या मध्यातून आडवी किंवा उभी रेघ ओढली, तर काळे-पांढरे पट्टे १:१:३:१:१ या प्रमाणात येतात. या खुणेवरून फोन कोडची जागा आणि दिशा ओळखतो. म्हणून तो उलटा धरला तरी चालतो.

गैरसमज : इंटरनेटशिवाय कोड वाचता येत नाही.
वस्तुस्थिती : वाचण्याचे काम फोनच करतो. आत वेबसाइटचा पत्ता असेल, तर तो उघडायला नेट लागते.

गैरसमज : स्कॅन केल्याबरोबर खाते रिकामे होते.
वस्तुस्थिती : स्कॅन केल्यावर मजकूर समोर येतो, एवढेच. धोका असतो तो अनोळखी लिंक उघडण्यात आणि पिन टाकण्यात.

गैरसमज : पैसे मिळवायलाही कोड स्कॅन करून पिन टाकावा लागतो.
वस्तुस्थिती : साफ चूक. जुने फर्निचर विकायला काढले आणि ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असे गिऱ्हाईक म्हणाले, तर समजा की पैसे तुमचेच जाणार. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

दुकानातल्या कोडवर दुसऱ्याचा स्टिकर चिकटवल्याचे प्रकारही घडतात. म्हणून पिन टाकण्याआधी स्क्रीनवर आलेले नाव वाचा, दुकानदाराला विचारा आणि मगच पैसे पाठवा.