डोळे वाचविणारी पंधरा मिनिटे

रासायनिक कारखान्यात काम करीत असताना आम्लाचा किंवा अल्कलीचा शिंतोडा डोळ्यात उडाला, तर त्यावरील पहिला उपचार रुग्णालयात नव्हे, तर कामाच्या जागीच व्हावा लागतो. हा उपचार म्हणजे भरपूर स्वच्छ पाणी. कॉस्टिक सोडा, चुनकळी, अमोनिया यांसारखे पदार्थ डोळ्याच्या बाह्य पडद्यातून झपाट्याने आत शिरतात आणि कायमचे अंधत्वही आणू शकतात. डॉक्टर येईपर्यंत वाट पाहत बसणे म्हणजे दृष्टी गमावण्याचा धोका पत्करणे होय. म्हणूनच अशा कारखान्यांत डोळे धुण्याची कारंजी आणि अंगावर पाण्याचा जोरदार वर्षाव करणारे सुरक्षा शॉवर बसविण्यात येतात.

या साधनांसाठी अमेरिकेत १९८१ मध्ये एक राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्याच्या सुधारित आवृत्त्या आज अनेक देशांत आधारभूत मानल्या जातात. भारतातही १९८२ मध्ये आय. एस. १०५९२ या क्रमांकाचे मानक तयार करण्यात आले. अमेरिकी मानकानुसार अपघातग्रस्ताला १० सेकंदांत या साधनापर्यंत पोहोचता आले पाहिजे. झडप एका सेकंदात उघडली पाहिजे आणि हात काढून घेतल्यावरही पाणी चालू राहिले पाहिजे, कारण पापण्या उघड्या धरण्यासाठी दोन्ही हात मोकळे असावे लागतात. डोळे धुण्याच्या कारंज्यातून मिनिटाला किमान १.५ लिटर, तर शॉवरमधून सुमारे ७६ लिटर पाणी मिळावे आणि ते सलग १५ मिनिटे मिळावे, अशी अपेक्षा आहे.

थंड पाण्याची अडचण

पाणी पुरेसे असले, तरी पंधरा मिनिटे पुरी होतीलच असे नाही. कॅनडा किंवा उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत हिवाळ्यात नळाचे पाणी ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा पाण्याखाली उभ्या असलेल्या माणसाला हुडहुडी भरते, पापण्या आपोआप मिटतात आणि दोन-तीन मिनिटांतच तो बाजूला होतो. रसायनाचा अंश मात्र डोळ्यात आणि कातडीवर तसाच राहतो. भिजलेले कपडे काढण्याचे धैर्यही त्याला होत नाही. याउलट पाणी फार गरम असेल, तर रसायनाची क्रिया वाढते आणि डोळ्याला नव्याने इजा होते. म्हणून हे पाणी कोमट, म्हणजे १६ ते ३८ अंश सेल्सिअस या मर्यादेत असावे, असे मानक सांगते. पाणी कोमट करणे ही येथे चैन नसून उपचार पुरा होण्याची अट आहे.

टाकीविरहित जलतापक

पाणी कोमट ठेवण्याची जुनी पद्धत म्हणजे मोठ्या टाकीत गरम पाणी साठवून ते थंड पाण्यात मिसळणे. एका शॉवरला १५ मिनिटांत सुमारे १,१४० लिटर पाणी लागते. वर्षातून कदाचित एकदाही न लागणाऱ्या या पाण्यासाठी टाकी रात्रंदिवस गरम ठेवावी लागते. त्यात जागा आणि ऊर्जा दोन्ही खर्ची पडतात. शिवाय साठलेले पाणी केवळ कोमट राहिले, तर त्यात लिजनेला जातीचे रोगकारक जंतू वाढण्याचा संभव असतो.

टाकीविरहित विद्युत जलतापकात पाणी साठविले जात नाही. घरगुती इन्स्टंट गिझरचेच हे मोठे आणि अधिक काटेकोर रूप होय. शॉवरची साखळी ओढताच पाणी वाहू लागते आणि प्रवाहदर्शक त्याची सूचना नियंत्रकाला देतो. नियंत्रक विद्युत तापतारांना वीज पुरवितो. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान सतत मोजले जाते आणि त्यानुसार वीज कमी-अधिक केली जाते. पाणी थांबताच वीजही बंद होते. पाणी संपण्याचा प्रश्न यात उद्भवत नाही, कारण ते वाहता वाहताच तापत असते.

विजेचा हिशेब

मात्र हा लाभ मिळविण्यासाठी विजेची तरतूद मोठी करावी लागते. ५ अंशांचे पाणी २५ अंशांवर न्यायचे झाल्यास केवळ डोळे धुण्याच्या कारंज्यासाठी सुमारे २ किलोवॉट शक्ती पुरते. परंतु शॉवरसाठी तीच गरज सुमारे १०६ किलोवॉट होते. म्हणजे ३ किलोवॉटचे पस्तीस गिझर एकाच वेळी चालविण्यासारखे ते आहे. ४१५ व्होल्टच्या तीन-फेज पुरवठ्यावर हा प्रवाह १५० अँपिअरच्या घरात जातो. १५ मिनिटांच्या वापरात खर्ची पडणारी वीज मात्र २६ ते २७ युनिट इतकीच असते. खर्च विजेचा नव्हे, तर जाड केबल, स्वतंत्र स्विच आणि पुरेशा भारक्षमतेचा असतो.

काही सावधानता

वीज गेली, तर तापक निकामी होतो. म्हणून तो शक्यतो जनरेटरच्या आणीबाणीच्या पुरवठ्यावर जोडावा. तापक बंद पडला, तरी पाणी वाहतच राहिले पाहिजे, कारण थंड पाणी मिळणे हे पाणी न मिळण्यापेक्षा केव्हाही बरे. तापमान मर्यादेबाहेर जाऊ लागल्यास वीज तोडणारी स्वतंत्र व्यवस्था असावी. ज्वालाग्राही वाफा असलेल्या विभागात साधा तापक बसवू नये. तेथे स्फोटरोधक आवरणाचाच तापक हवा. जड पाण्याच्या प्रदेशात तापतारांवर क्षारांची पुटे चढतात, तेव्हा त्यांची सफाई ठरावीक काळाने व्हावी. कारंजी आणि शॉवर दर आठवड्याला चालवून पाहावेत. त्यामुळे नळात साचलेले गढूळ पाणी निघून जाते आणि तापक चालू होतो की नाही, हेही कळते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

महाराष्ट्रात तारापूर, लोटे परशुराम, महाड, कुरकुंभ येथील औद्योगिक क्षेत्रांत रासायनिक कारखाने आहेत. अमोनियावर चालणारी शीतगृहे आणि बर्फाचे कारखाने तर राज्यभर विखुरलेले आहेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कामगारांच्या डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद करण्यात आली होती. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्यात धोकादायक प्रक्रियांविषयी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले.

कोकणातील कारखान्याला जलतापकाची गरज सहसा भासणार नाही. उत्तर महाराष्ट्रात थंडीच्या रात्री तापमान १० अंशांच्या खाली उतरते, तेथे उघड्यावरील टाक्या आणि नळ यांचा विचार करावा लागेल. विदर्भात प्रश्न उलट आहे. उन्हाळ्यात छतावरील टाकीचे आणि उन्हात तापलेल्या लोखंडी नळातील पाणी ३८ अंशांच्या वर सहज जाते. तेथे तापक नव्हे, तर टाकीवर सावली, नळांना उष्णतारोधक वेष्टन किंवा जमिनीखालून नेलेले नळ हाच उपाय होय.

म्हणून कोणतेही यंत्र विकत घेण्यापूर्वी प्रत्येक कारखान्याने एक साधी गोष्ट करावी. जानेवारीत पहाटे आणि मे महिन्यात दुपारी सुरक्षा शॉवर व कारंजी सुरू करून पाण्याचे तापमान मोजावे आणि नोंदवहीत लिहावे. तापमान १६ ते ३८ अंशांच्या दरम्यान राहत असेल, तर वेगळ्या खर्चाची आवश्यकता नाही. राहत नसेल, तर त्या दोन आकड्यांवरूनच उपाय ठरविता येईल. कामगारांनाही पंधरा मिनिटांचे महत्त्व समजावून सांगितले पाहिजे. जळजळ थांबली म्हणजे धोका टळला असे नव्हे. घड्याळ पाहून पुरा वेळ डोळे धुवावेत आणि त्यानंतर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे, ही सवय अंगी बाणली, तरच या साधनांवरील खर्च सार्थकी लागेल.