विकृतिकारक पेडलमधील दोषशोध : एका नवशिक्याची टिपणे

जे यंत्र ध्वनी बिघडविण्यासाठीच केलेले आहे, ते स्वतः बिघडले आहे हे कशावरून ओळखावयाचे? प्रश्न प्रथमदर्शनी विनोदी वाटेल. तथापि घरी जोडलेले गिटारचे 'फझ' पेडल दुरुस्त करावयास बसलेल्या नवशिक्यापुढे तो खरोखरच उभा राहतो. आणि भाषेत 'अशुद्ध' कशास म्हणावे या आपल्या परिचित प्रश्नाशी त्याचे नाते निकटचे आहे.

फझची उत्पत्तीच मुळी एका दोषात आहे. नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गीताच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन यांनी वाजविलेला बास गिटारचा तुकडा उपकरणातील बिघाडामुळे घरघरत उमटला. गीत १९६१ साली प्रसिद्ध झाले. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच परिणाम ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने हेतुतः साधण्याचा मार्ग शोधला, आणि १९६२ साली 'मेस्ट्रो फझ-टोन' हे पेडल बाजारात आले. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी ही याच जातीची गोष्ट होय. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासतो आणि तारेखाली सूत सरकवितो, ते तारेने घोडीला सतत चाटत राहावे म्हणून. तार जेथे छेडली तेथे ज्यांचा निस्पंद असेल ते उपस्वर साध्या तारेत उमटू नयेत. तंबोऱ्यात व वीणेत ते स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. फझ पेडल लहरींचे माथे छाटून नवे उपस्वर निर्माण करते. उपाय निराळे, फल सजातीय.

या खटाटोपात मी का पडलो हे सांगणे प्राप्त आहे. आमच्या विभागात ध्वनिप्रयोगशाळा नाही. स्वर म्हणजे कंठात उत्पन्न झालेल्या उपस्वरसमृद्ध नादावर मुखपोकळीने केलेला संस्कार, हे सूत्र पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी पाठ करतात. ते त्यांच्या कानावर पडत नाही. १९६०च्या दशकात निघालेले 'वा-वा' पेडल अनुनादाचा एक उंचवटा खालीवर सरकविते, आणि जिभेच्या व ओठांच्या हालचालीने स्वरांचे अनुनाद सरकतात त्याची आठवण करून देते. परंतु ज्या नादात उपस्वरच अल्प, त्यावर संस्कार कशाचा करणार? म्हणून वा-वाच्या आधी फझ हवे. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे, दोन ट्रान्झिस्टरांचे ते पेडल मी जोडले. व्याख्यानाच्या आदल्या सायंकाळी त्यातून गुदमरलेली, तुटक चरचर तेवढी आली.

अशा वेळी नवशिक्या पहिली चूक करतो ती ही, की सारे सांधे पुन्हा तापवितो. मीही तेच केले. त्याने काही साधत नाही, आणि पूर्वी नसलेले दोष मात्र निर्माण होतात. क्षेत्रकार्यात एका वेळी एकच घटक बदलून निवेदकाचा प्रतिसाद पाहावयाचा, हा दंडक आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. हातात सोल्डरची कांडी आली की तो विसरतो.

प्रथम पायाने दाबावयाचा स्विच बंद स्थितीत ठेवून पाहावे. तेव्हा गिटारचा नाद मंडलात न शिरता सरळ पुढे जातो. तो ऐकू आला तर तारा, जॅक आणि अॅम्प्लिफायर निर्दोष ठरतात, व शोधाचे क्षेत्र अर्धे होते. यानंतर मल्टिमीटरने व्होल्ट मोजावे. येथे एक गंमत सांगतो. पहिल्या खेपेस सर्वत्र शून्य आले आणि मी बॅटरीस दोष दिला. वस्तुतः अशा पेडलमध्ये गिटारच्या तारेची पिन आत शिरल्यावाचून बॅटरीचे मंडल पुरे होतच नाही; पिन मी मोजण्याच्या सोयीसाठी काढून ठेवली होती.

त्यानंतर ट्रान्झिस्टरांचे पाय तपासले. सपाट बाजू समोर धरली असता 'बीसी ५४७'चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. 'टू-एन ३९०४'चे नेमके उलट. दोघांचा बाह्याकार एकच. रूपसाम्यावरून अर्थसाम्य गृहीत धरणाऱ्या अभ्यासकाची जी गत होते, तीच येथे होते. सुदैवाने हे पाय बरोबर होते.

आता आकडे. या मंडलात दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे साडेचार व्होल्ट, आणि त्याच्या बेसवर सुमारे १.३ ते १.४ व्होल्ट असावे लागतात. माझ्याकडे कलेक्टरवर दीड व्होल्ट होता, एमिटरवर जवळजवळ तितकाच. म्हणजे ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा पडला होता. लहरीस हलावयास जागाच नव्हती. कलेक्टरच्या रोधकाऐवजी मी फिरविता येणारा प्रिसेट बसविला होता. तो फिरविताच साडेचार व्होल्ट मिळाले व नादही आला! मी काम आटोपत होतो, परंतु नाद मंद आणि बोथट होता. बेसवर पाहिले तो आकडा अद्याप दोनच्या वर. अपवादासाठी खास नियम जोडून उदाहरण जुळविले, तरी मूळचे विश्लेषण चुकलेलेच राहते. मी प्रिसेटकडून तेच करून घेतले होते.

बेसवरील व्होल्ट पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवरून येतात, तेव्हा दोष त्यापूर्वीचा. तेथील रोधक ३३ किलो-ओहमचा हवा : तीन पट्टे, नारिंगी, नारिंगी, नारिंगी. मी बसविलेल्याचा तिसरा पट्टा तांबडा होता, म्हणजे ३.३ किलो-ओहम. पिवळ्या दिव्याखाली हे दोन रंग मला वेगळे दिसले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक रोधक बसविण्यापूर्वी मीटरने मोजतो. डोळ्यांच्या साक्षीवर विसंबत नाही.

मंडलात सर्व आकडे बरोबर येऊनही नाद न आल्यास धारित्र जोडलेली एक तार अॅम्प्लिफायरला लावून तिच्या टोकाने आरंभापासून एकेक सांधा ऐकत जावे. नाद जेथे लोपतो त्याच्या अलीकडेच दोष असतो. बहुधा तेथे दुरुस्तीवाले ज्यास 'ड्राय सोल्डर' म्हणतात तो निस्तेज, दाणेदार सांधा सापडतो. पेटीचे झाकण उघडे असताना येणारी घूं घूं मात्र दोष समजू नये. ती पन्नास आवर्तनांच्या घरगुती विजेची असते व धातूची पेटी बंद करून भूमीशी जोडली की पुष्कळशी ओसरते. बॅटरीवरील पेडल नवशिक्याने खुशाल उघडावे. अॅम्प्लिफायर मात्र उघडू नये. त्यातील धारित्रे वीज तोडल्यावरही प्राणघातक भार धरून ठेवू शकतात.

रोधक बदलला, प्रिसेट पुन्हा लावला. बेसवर १.३, कलेक्टरवर ४.५. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रथम नुसत्या गिटारवर वा-वा फिरविले. फरक दोघा-तिघांच्याच लक्षात आला. फझ आधी जोडताच मागच्या बाकावरून कोणी तरी 'वा' असे म्हटले. ती दाद होती की स्वराची ओळख, हे मी विचारले नाही.