खाणीतला धौ

गुरुग्रामच्या अरावली जैवविविधता उद्यानाची गोष्ट आता अनेकांना ठाऊक आहे. खाणी आणि खडी क्रशरनी ओरबाडलेली सुमारे 380 एकर जमीन, 2010 पासून नागरिक, महापालिका आणि पर्यावरण-पुनरुज्जीवनाचं काम करणारे विजय धस्माना यांनी तिथे पुन्हा वसवलेलं रान, 2022 मध्ये मिळालेली राष्ट्रीय मान्यता. मी नोकरीनिमित्त तिकडे होतो, शनिवारी श्रमदानाला जायचो. छापून न आलेलं थोडं सांगतो.

पहिल्याच दिवशी खड्डा घ्यायला लागलो. खाली क्वार्टझाइटचा खडक, वर क्रशरची भुकटी. पहार मारली की ठिणगी उडायची, मनगटाला झिणझिण्या यायच्या. तासाभरात वीतभर खोलीसुद्धा झाली नाही. शेवटी शेजारच्या गावचा एक म्हातारा पुढे आला. पहार नुसती टेकवत, आवाज ऐकत त्यानं भेग शोधली आणि बघता बघता खड्डा मोकळा केला. कुठे शिकलात, म्हणून विचारलं. अर्धं आयुष्य खाणीत सुरुंगाची भोकं पाडण्यात गेलं होतं.

वेडी बाभूळ काढतानाची फजिती वेगळीच. आम्ही ती बुंध्यापासून तोडली आणि खुशीत घरी गेलो. पावसानंतर एकेका खुंटातून डझनभर फांद्या वर आलेल्या! मुळासकट खणल्याशिवाय ती जात नाही, हे तेव्हा पक्कं कळलं.

एकदा एका कंपनीची माणसं टेम्पोभर गुलमोहर घेऊन आली. इथे अरावलीचीच झाडं लागतील, असं सांगितल्यावर वातावरण तापलं, टेम्पो परत गेला. पुढच्या शनिवारी त्यांच्यातलीच एक मुलगी एकटी आली, पळसाच्या बिया निवडायला बसली आणि मग येतच राहिली.

खरा घाम काढला तो धौनं. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा चुलतभाऊ, अरावलीचा खरा मालक. त्याचं बी बघायचं तर मांगरबनीत. ती त्याच भागातली देवराई. तिथल्या गुदडिया बाबा या साधूच्या धाकानं कुणी काटकीही मोडत नाही. गोळा केलेली बोंडं आम्ही जपून पेरली आणि दर शनिवारी वाफ्यात डोकावत राहिलो. उगवलं जवळजवळ काहीच नाही. धौचं बहुतेक बी आतून पोकळ असतं. नखानं फोडून बघितलं, खरंच रिकामं. पुन्हा पेरायचं, हाच उपाय.

आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एका कातळावर पायपुसण्यासारखं पसरलेलं, बोटभर उंचीचं झुडूप दिसलं. गवत समजून मी ओलांडून जात होतो. सोबतच्या जाणकारानं थांबवलं. तो धौच होता. वर्षानुवर्षं शेळ्यांनी खुडल्यामुळे जमिनीला चिकटून जगलेला. चराई थांबली तशी त्यानं मान वर काढली. दोन वर्षांनी तो माझ्या कमरेला लागत होता.

तुमच्या गावची खडीची खाण बंद पडली असेल, तर रोपवाटिकेत जाण्याआधी जवळच्या देवराईत जा. कोणत्या झाडाखाली काय बी पडलंय ते बघा. आणि खाणीत काम केलेलं कुणी गावात असेल, तर त्याला सोबत न्या.