नमुना ३२

वर्तमानपत्रातल्या लिलावाच्या नोटिसा वाचायचा मला जुना नाद आहे. आतल्या पानावर, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या शेजारी त्या छापून येतात : वाहन क्रमांक, चेसिस क्रमांक, हातची किंमत, आणि खाली ‘जसे आहे जेथे आहे’ ही ओळ. भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी ही नावं या नोटिसांत दिसली की मी थांबून वाचतो, कारण बाकी महाराष्ट्रात लिलावाला चढते ती बहुतेक हप्ते थकलेली मोटार. भंडाऱ्यात मात्र वैनगंगा आहे, आणि वैनगंगेत वाळू.

लिलावातली गाडी स्वस्तात उचलायची, गॅरेजला लावायची आणि चार पैसे सुटतील अशा भावाने काढायची, हा धंदा वाचकांना नवा नाही. प्रत्येक गावात तो करणारे दोघे-चौघे असतातच. हिशेबही सोपा दिसतो. साठ हजाराची गाडी, तीस हजाराचं काम, सव्वा लाखाला विक्री. या हिशेबात एक प्रश्न मात्र धरलेला नसतो : मुळात ही गाडी मालकाने सोडली का?

वाळूच्या गाड्यांबाबत त्याचं उत्तर कायद्यातच सापडतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार विनापरवाना गौण खनिज नेताना पकडलं, तर मालाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. गाडी जप्त होते ती वेगळीच. ती सोडवायची तर जानेवारी २०१८ पासून लागू झालेला वाहनाचा दंड भरावा लागतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीला १ लाख, मोठ्या ट्रकला २ लाख. शिवाय ही गाडी पुन्हा वाळूला लावणार नाही, असं बंधपत्र. आता मालकाच्या जागी बसून बघा. नवा ट्रॅक्टर असेल तर तो उसनवारी करून, दागिने गहाण ठेवून दंड भरतो आणि दुसऱ्या आठवड्यात गाडी नेतो. पंधरा-सोळा वर्षांचा, धूर ओकणारा ट्रॅक्टर असेल तर? सगळा विकून लाख यायचे नाहीत, त्याच्यासाठी लाख कोण भरणार? तो तहसीलच्या आवारातच राहतो.

म्हणजे दंडाची रक्कम चाळणीचं काम करते. धड गाड्या वरून निघून जातात, खाली उरतो तो लिलावाचा माल. तहसीलच्या आवारात ‘घबाड’ सापडेल या आशेने जाणाऱ्याने हे आधी मनात पक्कं करावं. बँकेच्या यार्डात हेच थोड्या सौम्य रूपात दिसतं. ज्याला हप्ता जमला नाही, त्याने शेवटचं वर्ष ऑइलही बदललेलं नसतं.

संहितेतली लिलावाची प्रकरणं वाचताना मला खरी मौज वाटली ती दवंडीची. संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. दंड थकला की तो जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करता येतो आणि मग गाडीचा लिलाव या संहितेप्रमाणे होतो. कलम १९२ सांगतं की जंगम मालमत्तेच्या विक्रीचा जाहीरनामा, ती मालमत्ता जिथे जप्त झाली त्या गावात दवंडी पिटून करायचा. नोटीस लावल्यापासून सात दिवस व्हायच्या आत लिलाव नाही, रविवारी नाही, सुटीच्या दिवशी नाही. आता बघा, वाळूची गाडी पकडली जाते घाटावर, म्हणजे दवंडी पिटायची घाटाशेजारच्या गावात. मालक तिथला, नाहीतर त्याची सोयरीक तिथली. त्याच्या गाडीवर चढी बोली लावून संध्याकाळी त्याच पारावर कोण बसणार? लिलावात खरी स्पर्धा हवी असेल तर दवंडी नागपूरच्या ट्रान्सपोर्ट लाइनीत पिटायला हवी, असं माझं मत.

यापेक्षा मोठी मेख कर्जाची. टिपर आणि ट्रॅक्टर बहुतेक फायनान्सवरचे. नोंदणी पुस्तकावर ‘एचपी’ चढलेली, म्हणजे गाडी कर्ज देणाऱ्याकडे तारण. तहसीलदार म्हणतात, शासनाचं येणं आधी. कंपनी म्हणते, गाडी आमच्या पैशाची. कलम १६९ काढून पाहिलं तर जमिनीवरचा खुद्द महसूल हा सगळ्यांच्या वरचा बोजा. पण महसुलाच्या पद्धतीने वसूल करायच्या इतर रकमांना, आणि दंड त्यातच येतो, अग्रस्थान आहे ते तारण नसलेल्या देण्यांपुरतं. म्हणजे तारण असलेल्या कर्जापुढे तहसीलची बाजू वाटते तितकी भक्कम नाही. या ओढाताणीत अडकतो तो तिसराच, लिलावात पैसे मोजून गाडी नेलेला. गाडी त्याच्या दारात, एचपी पुस्तकावर तशीच, आणि कंपनी ‘ना हरकत’ द्यायला तयार नाही. अशी गाडी चालवता येते, विकता येत नाही. पुन्हा विकण्यासाठीच घेणाऱ्याचा तिथेच कारभार आटोपतो. म्हणून भंडाऱ्याकडचा मुरलेला मिस्त्री बॉनेट उघडण्याआधी “कागद आहेत का जी?” असं विचारतो.

कागद असले, तर मग गाडीकडे. वाळूची गाडी नदीपात्रात उतरते, कधी अर्धं चाक बुडेल इतक्या पाण्यात उभी राहून भरली जाते. त्यामुळे इंजिनाच्या आवाजावर जाऊ नये, आधी खाली शिरावं. डिफरन्शियलचा ड्रेन बोल्ट सैल करून थेंबभर तेल बोटावर घ्यावं. चहासारखं दुधाळ आलं तर आत पाणी गेलंय, क्राऊन-पिनियनचा खर्च धरून चालावं. चाक वर घेऊन हलवून पाहावं, हबात ग्रीसऐवजी रेतीची कचकच लागते. मोटार असेल तर सीटबेल्ट शेवटच्या इंचापर्यंत ओढावा. ऑगस्ट २०२० च्या अखेरीला वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला होता. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे गालिचे बदलता येतात, सीटा धुता येतात, पण गुंडाळीत खोल बसलेला पट्ट्यावरचा गाळ सहसा कुणी धुवत नाही. सीटच्या रुळांचे स्क्रू आणि फ्यूजबॉक्समधला हिरवट गंज हे दुसरे दोन साक्षीदार. गिअरबॉक्सची धास्ती मात्र इकडे कमी. लाखनी तालुक्यातल्या गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ पासून आहे आणि तिथे गिअरबॉक्स बनतात, तेव्हा ते काम जाणणारे हात इकडे मिळतात.

पोलीस ठाण्यातल्या गंजक्या ढिगांविषयी बरंच लिहिलं गेलंय, म्हणून एकच सांगतो. मुद्देमालातली वाहनं वर्षानुवर्षं ठाण्यात कुजवू नका, छायाचित्रं आणि पंचनामा करून मालकाला द्या, कुणी मागत नसेल तर न्यायालयाच्या आदेशाने विका, हा सर्वोच्च न्यायालयाचा १ ऑक्टोबर २००२ चा निकाल. देशभरात त्याचाच दाखला देतात. तो ‘सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य’ या नावाने ओळखला जातो. हे नाव कुणा नाडलेल्या वाहनमालकाचं असेल असं मी धरून चाललो होतो. निकाल मुळातून वाचल्यावर कळलं की अर्जदार पोलीस होते. ठाण्यातला मुद्देमाल बदलला, रक्कम खाल्ली आणि जप्त मालाचा परस्पर लिलाव केला, असे त्यांच्यावर आरोप होते. माल ठाण्यात पडून राहिला की असे प्रकार व्हायला वाव मिळतो, तेव्हा तो पंधरा दिवस ते महिन्याच्या वर तिथे ठेवूच नये, असं न्यायालयाने म्हटलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने तर मुदतीच घातल्या : चौदा दिवसांत मालाचं विवरण, त्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाटीचा आदेश.

सरकारी गाड्यांचा लिलाव हा या धंद्यातला एके काळचा सर्वात भरवशाचा भाग होता. निर्लेखित जीप घेतली की सोबत लॉगबुकचा इतिहास असायचा, चालकाच्या अक्षरातला. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवणं बंद झालं, ती आता नोंदणीकृत भंगार केंद्रात जाऊन तुटतात. हा निर्णय रेटणारे नितीन गडकरी शेजारच्या नागपूरचेच. प्रदूषणाचा मुद्दा मला मान्य आहे, तरी धडधाकट जीप केवळ वयावरून तोडणं पटत नाही.

आता नमुना ३२. जुनी गाडी एकाने दुसऱ्याला विकली की नमुना २९ आणि ३० लागतात. ते कोरे सही करून खिशात ठेवणं ही या धंद्यातली जुनी खोड. तसं केलं की अपघाताची भरपाई नोंदीवरच्या मालकाच्या गळ्यात पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केलं. बँकेने ओढून आणलेली गाडी असेल आणि मालक पुस्तक देत नसेल, तर बँकेला आधी नमुना ३६ भरून नवं पुस्तक स्वतःच्या नावे काढावं लागतं. शासनाने केलेल्या जाहीर लिलावासाठी मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ५७ खाली नमुना ३२ आहे. गाडी ताब्यात घेतल्यापासून तीस दिवसांत तो भरायचा, सोबत विक्री कायम केल्याचा आदेश आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या शासन आदेशाची प्रमाणित प्रत जोडायची. बोली जिंकल्याच्या आनंदात लोक पावती घेऊन घरी जातात आणि ही प्रत मागायला सहा महिन्यांनी येतात. तोवर साहेबांची बदली झालेली असते.

याच नियमात एक पोटनियम आहे. वाळूच्या गाड्यांवर पुष्कळदा नंबरच नसतो, किंवा असतो तो खोटा. अशी गाडी लिलावात गेली तर आरटीओने तिला नवा क्रमांक द्यायचा, पण तो थेट खरेदीदाराच्या नावे नाही. आधी लिलाव करणाऱ्या शासकीय विभागाच्या नावे नोंद करायची, मग हस्तांतर. म्हणजे वैनगंगेची वाळू चोरताना धरलेला बिननंबरी टिपर एमएच-३६ घेऊन आधी महसूल विभागाचा होतो आणि मगच घेणाऱ्याचा. पुढे विकताना नोंदीवर पहिला मालक म्हणून शासन दिसतं. अशी गाडी हातात आली तर गिऱ्हाईकाला हे आवर्जून दाखवावं. एकाच मालकाची, सरकारी वापरातली गाडी म्हटलं की भाव चढतो.