ताप आलेल्या बाईची मजुरी

आज बोलू या साथीच्या तापाबद्दल, म्हणजे फ्लूबद्दल. दवाखान्यातले डॉक्टर सांगतील ते डॉक्टर सांगतील. आपण बोलू आपल्या कामाच्या जागेबद्दल.

१९१८ साली अशीच एक साथ आली होती. जुनी माणसे तिला मानमोडी म्हणत. जूनमध्ये ती मुंबईत दिसली आणि दिवाळीच्या सुमारास खेडोपाडी पसरली. आपला भंडारा तेव्हा मध्यप्रांतात होता आणि या प्रांताला तिचा फार मोठा फटका बसला. देशात एक कोटीहून जास्त माणसे गेली, त्यात वीस ते चाळीस वयाची धडधाकट, कमावती माणसे पुष्कळ. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने शाळा बंद पडल्या. कोरोना तर आपण सगळ्यांनीच पाहिला.

कोंढ्याला आमच्या गटाचे शिवणकाम चालते. एका खोलीत बारा जणी. मागच्या पावसाळ्यात गणवेशाचे काम हाती होते, पंधरा ऑगस्टच्या आत द्यायचे. आमची एक काकू अंगात ताप घेऊन मशीनवर बसली. घरी जा म्हटले तर म्हणाली, "मजुरी नगावर आहे बाई, घरी बसले तर कोण देते?" आठवडाभरात पाच जणी अंथरुणाला खिळल्या. त्यांत कापड बेतणारीही होती. बेतणारी एकच, त्यामुळे बाकीच्या सात जणी धड असूनही बसून राहिल्या.

काकूला काय बोल लावायचा? चूक आमच्या हिशोबात होती.

आता दर महिन्याला प्रत्येकीचे वीस रुपये वेगळे ठेवतो. वर्षाचे २,८८० होतात. ताप आला तर पाच दिवस घरी, रोजचे दीडशे. म्हणजे तिघींचे भागते, थोडे उरते. मोठ्या साथीत हे पुरणार नाही, म्हणून चौथीपासून बिनव्याजी उसने द्यायचे असा ठराव लिहून ठेवला. यावर बैठकीत भांडण झाले. "खोटा ताप सांगतील" असे काहींचे म्हणणे. सांगू देत. एका बाईचे साडेसातशे बुडाले तरी पाच जणी आजारी पडण्यापेक्षा ते स्वस्तच!

शिवाय बेतायचे काम आता आणखी दोघींना शिकवले. बँकेत सही करणाऱ्या दोघींपैकी एक आजारी पडली तर दुसरे कोण, हेही आधीच बँकेत विचारून ठरवा. साथ आल्यावर धावपळ होते.

खोलीच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवतो, पाऊस आला तरी एक तरी. मशीनी समोरासमोर होत्या, त्या लांब लांब, एका दिशेने लावल्या. दाराशी साबण आणि पाण्याची बादली. कैचीला सगळ्यांचे हात लागतात, म्हणून ती रोज पुसायची. सगळ्यांचा एकच पाण्याचा पेला होता, तो आधी बंद केला.

फ्लूचा माणूस ताप चढायच्या एक दिवस आधीपासूनच दुसऱ्याला लागण देऊ शकतो. म्हणून घसा दुखू लागला की त्याच दिवशी सांगायचे. औषध न घेता चोवीस तास ताप नसेल तेव्हाच परत यायचे. दम लागला, छातीत दुखले, ओठ निळसर झाले किंवा बरे वाटून पुन्हा ताप चढला तर सरळ सरकारी दवाखाना. गरोदर बाईने आणि दमा किंवा साखरेचा आजार असलेलीने तर ताप येताच जावे, कारण फ्लूचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू केले तर जास्त गुण येतो. लसीबद्दल आशाताईंना पावसाळ्याआधीच विचारा.

काकू यंदाही आमच्यात आहे. जूनमध्ये तिला पुन्हा कणकण वाटली, तेव्हा तिने सकाळीच निरोप पाठवला.