पटसंख्या काय सांगते आणि काय सांगत नाही

जिल्हा परिषद शाळांवर संशोधन करायचं म्हटलं की आपण सगळ्यात आधी यू-डायसचा डेटा उघडतो. प्रत्येक शाळेचा ११ अंकी कोड, पट, शिक्षक, खोल्या, सगळं तयार मिळतं. पण तुमचा प्रश्न 'शाळा आणि गाव यांचं नातं' असा असेल, तर फक्त पटावर थांबून चालत नाही. का, ते बघू.

एक जुनं उदाहरण घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. पटावर एकाची भर पडली. पण त्यांना वर्गात इतरांपासून वेगळं, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावं लागायचं. ही गोष्ट पटात कुठेच येत नाही. ती कळते त्यांच्या आठवणींतून.

म्हणजे पट सांगतो 'कोण दाखल झालं'. आणखी दोन प्रश्न वेगळे विचारावे लागतात.

पहिला, पैसा कोणाचा आणि फायदा कोणाला? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमकं हेच मांडलं. सरकारी महसूल येतो शेतकऱ्यांच्या कष्टातून, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना. म्हणून बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं.

दुसरा, निर्णय कोणाचा? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण निम्म्या महिला. समितीच्या बैठका किती झाल्या, हे यू-डायसमध्ये मिळेल. पण मजुरी बुडवून कोण आलं, बोललं कोण आणि नुसती सही कोणी केली, हे मिळणार नाही. त्यासाठी इतिवृत्ताची वही वाचावी लागते आणि सदस्यांना भेटावं लागतं.

आता यात एवढं काय अडलंय? २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण विभागाने मागवले. तोरणमाळ आणि आपल्या पुणे जिल्ह्यातलं पानशेत ही त्यातली उदाहरणं. बाजू दोन्ही आहेत. मोठ्या शाळेत जास्त शिक्षक आणि सोबती मिळू शकतात. पण डोंगरातल्या वाडीवरच्या सात वर्षांच्या मुलीसाठी गाडी बंद पडली की शाळाही बंद. २० हा आकडा दोन्हींपैकी काहीच सांगत नाही. आपलं संशोधनही तिथेच थांबलं, तर धोरण ठरवणाऱ्याच्या हातात आपण तोच आकडा परत देतो.

म्हणून प्रपोजल लिहिताना पट हा एक व्हेरिएबल ठेवा, उत्तर नको. सोबत शाळेचं जनरल रजिस्टर, समितीची इतिवृत्तं आणि मुलाखती जोडा. रजिस्टरमध्ये मुलांची नावं आणि जात असते, तेव्हा लेखी परवानगी घ्या, नावं टिपू नका. आणि गावात गेलात की आधी शाळा सोडून गेलेल्या मुलांच्या घरी जा. पटावरून ज्यांचं नाव कमी झालं, त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं.