आल्प्समधील उन्हाळी बर्फक्रीडा

पायांस लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा स्की नांवाचा खेळ युरोपांत हिवाळ्यांत चालतो, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु आल्प्स पर्वतांतील कित्येक ठिकाणीं हाच खेळ ऐन जुलै-ऑगस्टमध्यें चाले, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. खालीं दरींत गाई चरत आहेत, सज्जांतून फुलें फुललीं आहेत, आणि त्याच वेळीं तीन हजार मीटर उंचीवर तरुण मंडळी वाऱ्याच्या वेगानें बर्फावरून उतरत आहेत, असा तो देखावा! तो आतां दुर्मिळ होत चालला आहे.

हा उन्हाळी खेळ हिमनदीवरच शक्य असतो. उंचावरील खोलगट जागीं पडलेला बर्फ उन्हाळ्यांत सगळा वितळला नाहीं, म्हणजे त्यावर पुढील वर्षाचा थर बसतो. थरांवर थर दाबले जाऊन खालचा भाग दगडासारखा घट्ट होतो व आपल्याच भारानें सावकाश खालीं सरकूं लागतो. खेळाडूंना वर ओढून नेणाऱ्या दोरमार्गाचे खांब या बर्फांत रोवलेले असले, तर तेहि त्याबरोबर सरकतात व वेळोवेळीं पुन्हां जागेवर आणावे लागतात! रात्रींच्या थंडीनें पृष्ठभाग कडक होतो. म्हणून पहांटे आरंभ करून दुपारच्या आंत खेळ आटोपावयाचा. पुढें त्या बर्फाचा नुसता राडा होतो.

ऑस्ट्रियांत काप्रूनजवळील किट्झस्टाइनहॉर्न येथें १९६५ सालीं त्या देशांतील पहिलें हिमनदीवरील स्की-क्षेत्र उघडलें. फ्रान्सांतील तीन्य, स्वित्झर्लंडांतील त्सेरमाट हीं गांवेंहि उन्हाळी खेळासाठीं प्रसिद्धीस आलीं. इटलींतील स्टेल्व्हिओ खिंडीची तर तऱ्हाच उलटी! तेथील रस्ता हिवाळ्यांत बर्फानें बंद. म्हणून तेथें खेळ चालावयाचा तो उन्हाळ्यांतच.

हिमनदीचा व्यवहार ठेवीसारखा आहे. हिवाळ्यांत पडेल तेवढाच बर्फ उन्हाळ्यांत गेला, तर मुद्दल शाबूत राहतें. गेलीं अनेक वर्षें मुद्दलालाच हात लागला आहे. २०२२ सालीं तर आल्प्सच्या बऱ्याच भागांत हिवाळी बर्फ थोडा पडला. मार्चमध्यें सहारा वाळवंटांतील धूळ येऊन त्यावर बसली. मळलेला बर्फ ऊन अधिक शोषतो, म्हणून तो लवकर वितळला. २५ जुलै रोजीं शून्य अंशाची पातळी स्वित्झर्लंडवर ५,१८४ मीटर उंचीवर मोजली गेली, म्हणजे सुमारें ४,८०० मीटर उंचीच्या माँ ब्लाँ शिखराच्याहि वर! फ्रान्सांतील ले द्यूझ आल्प येथील उन्हाळी खेळ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांतच थांबला व महिनाअखेर त्सेरमाटलाहि तो बंद करावा लागला. त्याच महिन्याच्या ३ तारखेस इटलींतील मार्मोलादा हिमनदीचा कडा कोसळून अकरा माणसें मृत्यू पावलीं. स्विस हिमनद्यांचें सहा टक्के बर्फाचें आकारमान त्या एका वर्षीं गेलें, आणि २०२३ सालीं आणखी चार टक्के.

या ऱ्हासाचा दोष कित्येक लोक खेळाडूंवर ठेवितात. आम्हांस तो न्याय वाटत नाहीं. हिमनदी आटते ती हवेंतील उष्णतेनें, पट्ट्यांच्या घसरण्यानें नव्हे. मात्र हौसेलाहि कांहीं मर्यादा हवी. त्सेरमाट येथून इटलींत उतरणाऱ्या आंतरराष्ट्रीय शर्यती २०२२ सालीं बर्फाअभावीं रद्द झाल्या. पुढील वर्षीं मार्ग तयार करण्यासाठीं यंत्रांनीं हिमनदी उकरली जात असल्याचीं छायाचित्रें प्रसिद्ध झालीं व मोठा गवगवा झाला. इतकें करूनहि त्या वर्षीं वादळी वारा व हिमवृष्टि यांनीं शर्यती होऊं दिल्या नाहींत!

त्सेरमाट व ऑस्ट्रियांतील हिंटरटुक्स येथें उन्हाळी स्की अद्याप चालते. अन्यत्र शर्यतीचे कित्येक खेळाडू सरावासाठीं जुलै-ऑगस्टमध्यें चिली, अर्जेंटिना, न्यूझीलंड असे पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धांत जातात. तिकडे तेव्हां हिवाळा असतो. खेडेगांवच्या मुलाला तो खर्च कोठून झेपावा?

इटलींतील प्रेसेना हिमनदीवर २००८ पासून कित्येक वर्षें निराळाच उपाय चालला. हिवाळ्यापुरता तरी बर्फ टिकावा म्हणून उन्हाळा लागतांच माणसें वर चढत आणि ऊन परतविणाऱ्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बर्फावर अंथरून एकमेकींस जोडीत. एक लाख चौरस मीटरांचें तें पांघरूण उन्हाळा सरल्यावर पुन्हां गुंडाळून ठेवण्यांत येई.